सोबतीची फेरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

निवृत्तीनंतरच्या दिवसांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच विषयावरची आहेत : समवयस्क मित्रमैत्रिणींनी मिळून नियमाने चालायला जाणे आणि तो नेम बाराही महिने टिकवणे. मी स्वतः निवृत्त झाल्यापासून गेली तेरा वर्षे अशाच एका गटाबरोबर आठवड्यातून पाच दिवस चालतो, त्यामुळे ही पत्रे वाचताना बहुतेक अडचणी ओळखीच्या वाटल्या. निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही सात जण दोन वर्षांपूर्वी थोड्याफार अंतराने निवृत्त झालो आणि रोज सकाळी एकत्र चालू लागलो. हवा चांगली असते तोवर सगळे येतात. पावसाची झड लागली, थंडीचा कडाका वाढला किंवा उन्हाने काहिली होऊ लागली की दोघेतिघेच उरतात, मग तेही येईनासे होतात आणि पुन्हा सुरुवात व्हायला दोन-दोन महिने जातात. यावर काय करावे?

उत्तर : आपल्या मंडळींचा उत्साह कमी आहे असे मला वाटत नाही. अडचण बहुधा आदल्या रात्री जवळजवळ प्रत्येक गटात विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नात असते : "उद्या जायचे का?" हा प्रश्न निघाला की प्रत्येक जण खिडकीबाहेर पाहतो, कोणीतरी "बघू सकाळी" म्हणतो, आणि तिथेच त्या दिवसाची फेरी बारगळते. नोकरीत असताना पाऊस पडतो आहे म्हणून कामावर जायचे की नाही, असे आपण कोणाला विचारत नव्हतो. जायचे हे ठरलेलेच असे आणि विचार फक्त कसे जायचे याचा असे. निवृत्तीनंतर सगळेच आपल्या मर्जीवर येते, आणि रोज सकाळी नव्याने मनाची तयारी करावी लागणे हेच पायांपेक्षा जास्त दमवते. म्हणून आमच्या गटाने पहिल्याच वर्षी ठरवून टाकले की वेळ आणि जमण्याची जागा यांवर चर्चा करायची नाही. सहा वाजता ठरलेल्या छपराखाली यायचे. किती चालायचे आणि कोणत्या वाटेने, हे तिथे जमल्यावर आभाळ पाहून ठरवायचे. घराबाहेर पडणेच धोक्याचे असते असे काही दिवस असतात, त्यांविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. पण असे दिवस आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ कमी असतात.

यासाठी तीन वाटा आधीच चालून पाहून ठेवाव्यात. पहिली नेहमीची, तासाभराची. दुसरी वीस-पंचवीस मिनिटांची, जिच्यावर कोठेही असलो तरी चटकन आडोशाला येता येईल अशी. तिसरी पूर्णपणे छपराखालची, मग तो एखाद्या मोठ्या इमारतीचा व्हरांडा असो किंवा लांबलचक मार्गिका असो. तिसऱ्या वाटेवर त्याच त्या खेपा घालाव्या लागतात आणि पाहण्यासारखे काही नसते, हे खरे आहे. तरीही गप्पा त्याच असतात, माणसे तीच असतात आणि पायांचा सराव मोडत नाही.

एका पहाटेची गोष्ट सांगतो. रात्रभर झड लागलेली होती आणि आज कोणी येणार नाही असे धरूनच मी निघालो होतो. छपराखाली पोहोचलो तर आमच्यातले एक निवृत्त लेखापाल आधीच तिथे होते. एका हाताने खांब धरून, एका पायावर उभे राहून ते दुसऱ्या पायातल्या बुटातले पाणी ओतत होते आणि त्यांच्या रेनकोटच्या बाहीतून पाण्याची धार लागली होती. मला पाहून ते एवढेच म्हणाले, "तुम्ही ताटकळत राहाल म्हणून आलो." मीही नेमक्या त्याच विचाराने घराबाहेर पडलो होतो. त्या दिवशी आम्ही दोघे जेमतेम वीस मिनिटे चाललो, पण दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर बाकीचे पाचही जण आले. कोणीतरी आपली वाट पाहत उभे असेल ही जाणीव अंथरुणातून जितक्या लवकर उठवते, तितक्या लवकर आरोग्याचा कोणताही उपदेश उठवत नाही, हे मी त्या वर्षी शिकलो.

गटाने चालण्याच्या लाभाला अभ्यासाचाही आधार आहे. घराबाहेर चालणाऱ्या गटांविषयी 14 देशांत झालेल्या 42 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये ब्रिटनमधील क्रीडावैद्यकाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत मिळून 1,843 जण होते. रक्तदाब, विश्रांतीच्या वेळची नाडीची गती आणि मनाची उदासी या तिन्ही बाबतींत सुधारणा आढळली, आणि मला अधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे चालायला सुरुवात केलेल्यांपैकी बहुतेक जण गटात टिकून राहिले. व्यायाम सुरू करणारे पुष्कळ असतात. तो चालू ठेवणारे थोडे असतात. सोबतीचा उपयोग नेमका इथे होतो.

आपल्या गटाची संख्या सात आहे, ती उत्तम आहे. दोघांच्याच गटात एक जण गावाला गेला की फेरी बंद पडते, आणि बारा-पंधरा जण झाले की आपण गेलो नाही तरी कोणाला कळणार नाही असे वाटू लागते. न येणाऱ्याने एकाच ठरलेल्या व्यक्तीला कळवावे, म्हणजे इतरांना थांबावे लागत नाही आणि काळजीही वाटत नाही. चार-सहा दिवस दांडी मारून परतलेल्याला मात्र टोमणा मारू नये. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटते" हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले, तरी ते ऐकावे लागेल म्हणून आणखी चार दिवस न आलेली माणसे मी पाहिली आहेत.

कपड्यांविषयी थोडेसे. थंडीत एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कारण चालून अंग तापले की वरचा एक काढता येतो. अंगाला लागून असलेला कपडा सुती नसावा. सुती कापड घामाने किंवा पावसाने भिजले की ओल धरून ठेवते आणि त्यामुळे अंग गारठते. पावसात छत्रीपेक्षा टोपी असलेला रेनकोट बरा, कारण छत्रीत एक हात अडकतो, वाऱ्याने तोल जातो आणि ती पुढे झुकवून धरली की समोरची वाट दिसत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, त्या वेळी पाय किंचित सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. तळवा गुळगुळीत झाला असेल, तर वरून बूट कितीही नवा दिसत असला तरी ओल्या फरशीवर तो वापरू नये.

प्रश्न : माझे वय 71 आहे. रक्तदाबाची औषधे चालू आहेत. चार मैत्रिणींसह मी कोणत्याही हवेत चालायला जाते, पण मुलगी म्हणते की या वयात असा हट्ट बरा नव्हे. खरोखर कधी जाऊ नये?

उत्तर : आपल्या मुलीची काळजी रास्त आहे आणि आपला नेमही रास्त आहे. दोघींनी बसून मर्यादा आधीच ठरवून घेतल्या, तर रोजचा वाद राहणार नाही.

विजा चमकत असताना बाहेर पडू नये, यात तडजोड नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे, कारण आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. लगेच पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास झाल्यावरच बाहेर यावे. झाडे वाकवणारा वारा आणि रस्त्यावरून वाहणारे पाणी यांनाही हाच नियम लावावा. वाहत्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

जमिनीवर बर्फाचा पातळ थर गोठला असेल, तर मोकळ्यावर चालण्याचा विचारच सोडावा. आपल्या वयात मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले, तर त्यातून सावरायला लागणारे महिने एका फेरीसाठी मोजण्यासारखे नाहीत. कोरड्या थंडीत मात्र जाता येते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून निघण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे घरातच हातपाय हलवून अंग गरम करावे, पहिली काही मिनिटे सावकाश चालावे आणि दम्याचा त्रास असल्यास नाकातोंडावर पातळ रुमाल गुंडाळावा.

उन्हाळ्याविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण त्याचा धोका दिसत नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि घामाने अंग थंड ठेवण्याची शक्तीही कमी होते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि तापलेले अंग निवत नाही. म्हणूनच कोरड्या हवेतल्या चढ्या तापमानापेक्षा दमट हवेतले थोडे कमी तापमान अधिक त्रासदायक ठरू शकते. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातले पाणी आणखी कमी होते. आपल्या गोळ्या त्या प्रकारच्या आहेत का, आणि उन्हाच्या दिवसांत पाणी किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. मनाने मात्रा बदलू नये. हवेत धूर आणि धूळ फार असल्याचे हवेच्या निर्देशांकावरून कळले, तर त्या दिवशी बंद जागेतली फेरी करावी.

वाटेत छातीत दाब किंवा दुखणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप, भोवळ यांपैकी काहीही जाणवले, तर लगेच थांबून बसावे आणि सोबतच्या माणसांना सांगावे. बसल्यावरही त्रास ओसरला नाही, तर तातडीची वैद्यकीय मदत बोलावण्यात संकोच करू नये. उन्हात एखादी मैत्रीण असंबद्ध बोलू लागली, तर तो उष्माघात समजून मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत तिला सावलीत नेऊन ओल्या कपड्याने अंग गार करत राहावे. "उगीच गाजावाजा नको" असे म्हणणारे एक जण प्रत्येक गटात असतात, आणि अशा वेळी त्यांचे ऐकायचे नाही हेही आधीच ठरवावे. प्रत्येकीच्या खिशात नाव, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. मधुमेहाची औषधे घेणारीजवळ साखर असावी.

मुलीला हेही सांगावे की आपण एकट्या जात नाही. खराब हवेत एकटीने बाहेर पडणे आणि चार मैत्रिणींसह पडणे यांत मोठे अंतर आहे.

प्रश्न : आमच्यापैकी एका मैत्रिणीचा गुडघा दुखतो आणि ती मागे पडते. दोघींना भरभर चालायचे असते. वेळोवेळी थांबून तिची वाट पाहिली तरी ती खट्टू होते. गट फुटेल की काय अशी भीती वाटते.

उत्तर : आपण वळणावर थांबता, ती पोहोचते आणि ती पोहोचताक्षणी आपण पुन्हा निघता, असे होते का, हे एकदा आठवून पाहावे. पुढे असलेल्या सगळ्यांना विसावा मिळतो; जिला त्याची सर्वांत जास्त गरज असते, तिला एक क्षणही मिळत नाही. हे जाणूनबुजून कोणी करत नाही, पण मागे राहिलेल्या माणसाला ते दर वळणावर टोचते. ती आल्यावर तिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबावे, एवढ्यानेच बराच फरक पडेल.

दुसरा उपाय घड्याळाचा आहे, आणि तो मला फार आवडतो. सर्वांनी एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघावे, आपापल्या वेगाने वीस मिनिटे पुढे जावे आणि वीस मिनिटे होताच जिथे असाल तिथून मागे वळावे. भरभर चालणाऱ्या लांब गेलेल्या असतात, सावकाश चालणारी जवळच असते, पण तोच वेग ठेवला तर परत निघाल्या ठिकाणी सगळ्या एकाच वेळी पोहोचतात. त्यात कोणी मागे राहत नाही. त्या मैत्रिणीबरोबर आळीपाळीने एक जण राहावी आणि पाळी कोणाची हे बोलून दाखवू नये. आठवड्यातून दोन दिवस असे आणि बाकीचे दिवस सर्वांनी तिच्या वेगाने चालावे. वेगाची हौस असलेल्या दोघींना हे दिवस जड वाटतील, परंतु ज्या दिवसांत चालणे कमी आणि बोलणे अधिक होते, तेच पुढे आठवतात.

गुडघ्याच्या झिजेत चालणे वर्ज्य नाही, उलट ते सुचवले जाते. दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकले तर आदल्या दिवशी जास्त चालणे झाले असे समजून अंतर कमी करावे. चढापेक्षा उतारावर गुडघ्याला अधिक सोसावे लागते, हे वाट निवडताना लक्षात ठेवावे. काठी घ्यायची असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. बहुतेक जण ती नेमकी उलट धरतात.

या संदर्भात आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या गटातले एक गृहस्थ एकेकाळी चालता चालता लांबलचक हकीकती सांगत. एका वर्षी ते प्रत्येक वाक्याला थांबू लागले. पाऊल थांबवायचे, वाक्य पूर्ण करायचे, मग पुन्हा चालू लागायचे. आम्हाला वाटले की गोष्ट रंगवून सांगत आहेत. पुढे स्वीडनमधल्या एका अभ्यासाविषयी वाचले. 1997 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वृद्धनिवासातल्या 58 जणांशी चालता चालता बोलणे सुरू केले गेले. बोलण्यासाठी थांबणारे 12 जण निघाले आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी 10 जण पडले. चालताना तोल सांभाळणे आणि बोलणे ही दोन कामे एकाच वेळी मेंदूला जड जाऊ लागली की माणूस नकळत थांबतो. आम्ही त्यांना आग्रहाने डॉक्टरांकडे नेले, तोल सावरण्याचे व्यायाम सुरू झाले आणि आता खडबडीत वाटेवर एक जण त्यांच्या बरोबरीने चालतो. घरातल्या माणसांच्या हे लक्षात आले नव्हते, कारण घरी कोणी त्यांच्याबरोबर तासभर चालत नव्हते. आपल्या मैत्रिणीकडेही अशाच मायेने लक्ष असू द्यावे.

प्रश्न : रोज दहा हजार पावले झाली नाहीत तर चालण्याचा उपयोग नाही, असे आमच्या गटातले एक सदस्य म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. सरासरी 72 वर्षे वयाच्या सुमारे 16,700 स्त्रियांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले आणि साधारण 7,500 पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत पावलांचा आकडा नाही; 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सुचवलेले आहेत. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका वेग. आपल्या स्नेह्यांना त्यांची पावले मोजू द्यावीत, पण त्यांचा आकडा इतरांवर लादू देऊ नये.

प्रश्न : आमच्या गटातील एका मित्राची पत्नी चार महिन्यांपूर्वी वारली. तेव्हापासून तो येत नाही. बोलावले की "येईन एखाद्या दिवशी" म्हणतो. आग्रह करावा की त्याला एकटे सोडावे?

उत्तर : एकटे सोडू नये आणि त्याला उत्तर द्यावे लागेल असे काही विचारूही नये. "येतोस का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणे सोपे असते, आणि प्रत्येक नकारानंतर पुढचा नकार अधिक सोपा होतो. आमच्यावर अशीच वेळ आली तेव्हा आम्ही वाट बदलली. त्या मित्राच्या घरावरून जाणारी वाट आम्ही आठवड्यातून दोनदा धरली, फाटकापाशी दोन मिनिटे थांबू लागलो आणि तो बाहेर आला तर उभ्याउभ्या बोलून पुढे निघू लागलो. हवापाण्याच्या, वर्तमानपत्रातल्या बातम्यांच्या गप्पा असत. त्याच्या पत्नीचा विषय आम्ही काढला नाही आणि त्याने काढला तर टाळलाही नाही. तिचे नाव तिला ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकणे त्याला हवे होते, हे आम्हाला नंतर समजले.

चालण्याची एक सोय अशी आहे की समोरासमोर बसावे लागत नाही. शेजारी शेजारी चालताना नजर वाटेवर असते, गप्प राहिले तरी ते अवघड वाटत नाही, आणि घरात खुर्चीवर बसून जे बोलता येत नाही ते कधीकधी पन्नास पावलांच्या शांततेनंतर आपोआप बोलले जाते. म्हणून आपला मित्र आला की त्याला बोलते करण्याचा प्रयत्न करू नये, फक्त त्याच्या बाजूला कोणीतरी असावे. दोन महिने उलटूनही तो घराबाहेर पडत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल, तर मात्र त्याच्या मुलांशी आणि डॉक्टरांशी बोलायला उशीर करू नये.

आमचा मित्र नवव्या आठवड्यात फाटकाबाहेर उभा होता. भुरभुर पाऊस होता, त्याच्या पायात बूट होते आणि रेनकोटची गुंडी एक घर चुकून लावलेली होती. तो म्हणाला, "आज फक्त वळणापर्यंत येतो." आम्ही वळणापर्यंत गेलो आणि तिथून आम्ही सगळेच त्याच्याबरोबर परत फिरलो.